बोट टेकण्याआधी

संध्याकाळी सहानंतर दादर पश्चिमेला भाजीच्या गर्दीत शिरलं की एक आवाज सारखा कानावर पडत राहतो. ‘वीस रुपये प्राप्त झाले.’ ‘पंचावन्न रुपये प्राप्त झाले.’ मेथीच्या जुड्यांआड, नाहीतर लिंबांच्या ढिगाशेजारी ठेवलेली एक छोटी पेटी बोलत असते. भाजीवाल्या मावशींचे हात ओले असतात, लक्ष निम्मं काट्यावर आणि निम्मं पुढच्या गिऱ्हाइकावर असतं. फोन कमरेच्या पिशवीत असतो आणि तो बाहेर काढायची गरज पडत नाही. पैसे आले हे त्यांना कानाने कळतं, आणि त्यांच्याबरोबर आजूबाजूला उभ्या असलेल्यांनाही कळतं.

ही पेटी येण्याआधी आपण आपला फोन मावशींच्या समोर धरायचो, त्यावरची हिरवी खूण दाखवायचो आणि निघायचो. मावशी मान डोलवायच्या. पडद्यावरचं इंग्रजी प्रत्येकीला वाचता येत होतं असं नाही, आणि उन्हात तर ते कुणालाच धड दिसत नव्हतं. जुना स्क्रीनशॉट दाखवून पसार होणारे होते, हुबेहूब खोटी पावती दाखवणारी ॲपही निघाली होती. व्यवहार दोघांचा, पण पुरावा एकाच्याच हातात. पेटीने तो पुरावा विकणाऱ्याकडे सोपवला. गेल्या दहा वर्षांत मुंबईच्या रस्त्यावर आलेल्या डिजिटल वस्तूंमध्ये मला ही पेटी सगळ्यात जास्त आवडते. कुणीतरी बाजारात उभं राहून मावशींचे डोळे, हात आणि कान कुठे गुंतलेले असतात ते नीट पाहिलेलं आहे, हे तिच्याकडे बघताना जाणवतं.

माझं कामही बघण्याचंच आहे. ॲप बनवणाऱ्यांच्या वतीने मी ॲप वापरणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसते. कधी लोअर परळच्या ऑफिसातल्या खोलीत, पण जास्त करून लोकांच्या घरी, दुकानात, रिक्षा स्टँडवर. त्यांना एखादं काम सांगायचं, म्हणजे बिल भरा, पत्ता बदला, ग्रुपमधून एखाद्याला काढा, आणि मग गप्प बसायचं. शिकवायचं नाही, सुचवायचं नाही. बोट कुठे जातं, कुठे थबकतं, कुठून मागे येतं तेवढं टिपायचं. याला युजर रिसर्च म्हणतात. १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेलेल्या डॉन नॉर्मन या डिझाइन-अभ्यासकांनी आपल्या हुद्द्यातच ‘युजर एक्सपिरियन्स’, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव, हे शब्द घेतले, कारण पडदा आणि बटणं एवढ्यापुरता विचार त्यांना अपुरा वाटत होता. वस्तू विकत घेणं, खोक्यातून काढणं, लावणं, ती बिघडल्यावर मदत मिळणं, हे सगळं त्यांना त्यात धरायचं होतं. त्या अर्थाने दादरच्या बाजारातली पेटी हा पुरेपूर युजर एक्सपिरियन्स आहे, आणि त्यासाठी मावशींना कुठल्या पडद्याकडे बघावंही लागत नाही.

इतक्या घरांत बसून झाल्यावर एक प्रश्न मला सगळीकडे भेटला. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, नालासोपाऱ्यात, लालबागच्या चाळीत, मुलुंडच्या टॉवरमध्येसुद्धा. बोट पडद्याच्या जरा वर थांबतं, माणूस माझ्याकडे बघतो आणि विचारतो, ‘हे दाबलं तर काही होणार नाही ना?’

हा प्रश्न अडाणीपणातून येतो असं ऑफिसात काही जणांना वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं पगार हातात मोजून घेतला, पोस्टाच्या पासबुकावर शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडली नाही, त्यांना एका टेकण्याने पैसे जातात हे चांगलं ठाऊक असतं. गेलेले परत येत नाहीत हेही ठाऊक असतं. ते थांबतात ते शहाणपणाने. समोरच्या पडद्याला त्यांचं हे थांबणं हवं आहे की नको आहे, एवढाच माझ्या मते डिझाइनचा मुख्य प्रश्न आहे.

आमच्या क्षेत्रात ‘फ्रिक्शन’ हा शब्द सारखा कानावर येतो. फ्रिक्शन म्हणजे वापरणाऱ्याला थांबवणारी, विचार करायला लावणारी कुठलीही गोष्ट. ते कमी करणं हे पुण्यकर्म समजलं जातं. एक पान कमी झालं, एक टॅप वाचला, की टाळ्या. पण घराच्या दाराला उंबरठा असतो, तो कुणाला अडखळवायला बसवलेला नसतो. आपण एका जागेतून दुसऱ्या जागेत चाललो आहोत हे पावलाला कळावं म्हणून तो असतो. ॲपने कुठला उंबरठा काढून टाकला आणि कुठे नवा बसवला, एवढं पाहिलं की ते ॲप कुणाची चाकरी करतंय ते कळतं. बाकी रंग, आकार, गोलाई या गोष्टी मला नंतरच्या वाटतात.

एटीएमचंच घ्या. पैसे आधी आणि कार्ड नंतर देणारी यंत्रं एके काळी सर्रास होती. माणूस पैशासाठी आलेला असतो, पैसे हातात पडले की त्याच्या दृष्टीने काम संपतं, आणि तो कार्ड विसरून बाहेर पडतो. मग अनेक यंत्रांमध्ये क्रम उलटा केला गेला, म्हणजे आधी कार्ड काढून घ्या, मग पैसे. पैसे दोन-तीन सेकंद उशिरा मिळतात आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. मतदान यंत्रालाही अशीच एक थांबण्याची जागा आहे. बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो, लांब बीप ऐकू येतो, आणि शेजारच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसत राहते. त्या सात सेकंदांत मतदार काहीही करत नाही. नुसता बघतो आणि खात्री करून घेतो. २०२४ च्या लोकसभेला मतदान करून आलेली आमची आई बूथबाहेर आल्यावर ‘चिठ्ठी दिसली’ असंच पहिल्यांदा म्हणाली होती.

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. ते चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं मुख्यालय आपल्याच वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. फोनवर ॲप कुठल्याही कंपनीचं असो, पिन घालायचं पान सगळीकडे एकसारखंच येतं, कारण ते त्या त्या ॲपचं नसतंच, यूपीआयच्या मूळ यंत्रणेचं असतं. विचार चांगला आहे. पैसे जिथून बाहेर पडतात तो दरवाजा प्रत्येक घरात वेगळा दिसू नये. पण याच रचनेत बरीच वर्षं एक वाट अशी होती की अनोळखी माणूससुद्धा तुमच्याकडे पैशाची विनंती पाठवू शकत होता. विनंती यायची, तुम्ही पिन घालायचा, आणि पैसे तुमच्याकडून त्याच्याकडे जायचे.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी जुना सोफा विकायला काढला होता. ‘सैन्यात आहे, बदली झालीय, पैसे आगाऊ पाठवतो’ असं सांगणाऱ्या माणसाचा फोन आला. काकूंच्या पडद्यावर आठ हजारांचा आकडा उमटला, खाली मोठं रंगीत बटण. त्यांनी पिन घातला आणि आठ हजार येण्याऐवजी गेले. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, ‘अगं, आकडा बरोबर होता ना!’ आकडा बरोबरच होता. पैसे कुठल्या दिशेने जाणार हे सांगणारा शब्द मात्र आकड्याच्या मानाने बारीक होता, आणि इंग्रजीत होता. लुबाडणारा गुन्हेगार आहे, यात दुमत नाही. पण देणं आणि घेणं या दोन उलट क्रिया एकाच आकड्याने, एकाच बटणाने, एकाच पिनने दाखवल्या तर गुन्हेगाराचं निम्मं काम आपणच करून ठेवतो. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ असं पोलीस, बँका, वर्तमानपत्रं अनेक वर्षं सांगत राहिली. जी गोष्ट पडद्याने सांगायला हवी होती ती पत्रकांनी सांगावी लागत होती. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोयच बंद झाली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. एक सोय कमी झाली, आणि अनेकांची आयुष्यभराची पुंजी सुरक्षित झाली.

आता काढून टाकलेल्या उंबरठ्यांकडे येते.

संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये, लेडीज डब्यात, भांडुप ते डोंबिवली या पट्ट्यात मी अनेकदा फोनकडे न बघता फोन बघणाऱ्या बायकांकडे बघत असते. अंगठा वर सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. चेहऱ्यावर आनंद नसतो आणि कंटाळाही नसतो. ठाणे येतं, कळवा जातं, अंगठा सरकतच असतो. पूर्वी पानाला तळ होता. खाली ‘पुढचं पान’ असं लिहिलेलं असायचं आणि पुढे जायचं की नाही हे आपण ठरवायचो. निर्णय अगदी छोटा, पण आपला. २००६ मध्ये एझा रॅस्किन या डिझायनरने तो तळच काढून टाकला. खाली पोचण्याआधीच पुढचं येऊन बसतं. हेतू वाईट नव्हता, वापरणाऱ्याचा टॅप वाचावा एवढाच होता. पुढे याच माणसाने आपल्या या कल्पनेबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. पण खंतीने तळ परत येत नाही, कारण तळ नसण्यावर आता फार मोठ्या कंपन्यांची कमाई उभी आहे.

याच डब्यात, याच फोनवर आणखी एक ॲप उघडलं जातं, ते म्हणजे एम-इंडिकेटर. सचिन टेके या मुंबईच्या तरुणाने केलेलं. स्मार्टफोन घरोघरी पोचण्याआधी ते साध्या जावा फोनवर चालायचं. वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असल्यामुळे नेटवर्क नसलं तरी दिसतं. फलाटाकडे धावता धावता ते उघडायचं, पुढची जलद कधी आहे ते बघायचं, बंद करायचं. संपलं. आमच्या ऑफिसच्या मोजपट्टीवर हे बसत नाही, कारण आम्ही ‘माणूस किती वेळ आत राहिला’ ते मोजतो. मुंबईकर त्याला किती वेळात बाहेर सोडलं ते मोजतो. फलाटावरचा इंडिकेटरही मला याच कारणासाठी आवडतो. शेवटचं स्टेशन, धीमी की जलद, बारा डबे की पंधरा, किती मिनिटं. मान वर केली, कळलं, मान खाली. नाट्यगृहात, दवाखान्यात, सरकारी कचेरीत, बँकेत, कुठेही इतकं थोडक्यात आणि इतकं पुरेसं सांगणारी पाटी क्वचित दिसते.

लोकलच्या मोबाइल तिकिटाला मात्र एक मुद्दाम बसवलेला उंबरठा आहे. गाडीत बसून ते काढता येत नाही. रुळांपासून काही अंतरावर उभं राहूनच काढावं लागतं. कारण उघड आहे, नाहीतर टीसी दिसल्यावर लोक तिकीट काढतील. अडवणूक रास्त आहे, पण ती का आहे हे वापरणाऱ्याला त्या क्षणी कळायला हवं. फलाटावर पोचलेला माणूस ‘इथून तिकीट निघणार नाही’ एवढंच वाचतो तेव्हा त्याला तो बिघाड वाटतो, आणि मग तो पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहतो.

निळ्या खुणांबद्दल थोडंसं. व्हॉट्सॲपने त्या नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या. लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच त्या बंद करायची सोय द्यावी लागली. पत्र वाचून उत्तराला दोन दिवस घेण्याची जी मोकळीक होती, ती त्या खुणांनी घेतली. किती घरांत, किती नव्या लग्नांत ‘वाचलंस ना, मग उत्तर का नाही’ हे वाक्य बोललं गेलं असेल.

पण उंबरठ्याच्या विचाराने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते राईनपाड्याने. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. बाजारचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी पाच माणसं तिथे आली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज त्या भागात बरेच दिवस फोनाफोनांतून फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडलं आणि ठार मारलं.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओची गोष्ट मला विसरता येत नाही. मोटारसायकलवरून आलेली माणसं रस्त्यावर खेळणाऱ्या एका मुलाला उचलून नेतात, असं त्यात दिसतं. मुळात तो कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेला. मूळ फितीच्या शेवटी ती माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला. उरलेले काही सेकंद हजारो फोनांवर खरे ठरले.

मारणारे हात माणसांचे होते, आणि जबाबदारी त्या माणसांची आहे. हे आधी आणि ठाम सांगितल्याशिवाय या विषयावर पुढे बोलणं मला बरोबर वाटत नाही. तरीही डिझाइनच्या बाजूने पाहिलं तर त्या वेळी मेसेज पुढे ढकलणं हे फोनवरचं सगळ्यात सोपं काम होतं. फोटो आणि व्हिडिओच्या शेजारीच बाणाचं बटण होतं. ते दाबायचं, एकामागून एक ग्रुप निवडायचे, झालं. पुढे आलेला मेसेज आणि पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला मेसेज दिसायला सारखेच. शेजारच्या गावातल्या मामाने पाठवलाय म्हणजे मामाने पाहिलंय, असंच वाचणाऱ्याला वाटणार. मामाने काही पाहिलेलं नसायचं. त्यालाही कुणीतरी पाठवलेलं असायचं.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने बदल केले. पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण येऊ लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली, फोटो-व्हिडिओशेजारचं ते बाणाचं बटण भारतात काढलं गेलं. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवांच्या काळात, बऱ्याच हातांतून आलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं, आणि असे मेसेज त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनेच सांगितलं. म्हणजे केलं काय, तर बोट आणि बाण यांच्यामध्ये थोडी जागा ठेवली. कुणाचा मेसेज अडवला नाही, कुणाचं तोंड बंद केलं नाही. ज्याला खरोखर पन्नास जणांना सांगायचंय तो अजूनही सांगू शकतो, पण त्याला पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं, आणि मधल्या त्या वेळात त्याच्या मनात शंका येऊ शकते.

ही जागा आधीच ठेवता आली असती का? तंत्र म्हणून त्यात अवघड काहीच नव्हतं. जास्तीत जास्त मेसेज फिरावेत हे जोवर यशाचं लक्षण होतं तोवर ती ठेवावी असं कुणाला वाटलं नसणार. आमच्या घरच्या ग्रुपवर आता आत्या सरळ लिहितात, ‘दोन बाणांचा आहे, विश्वास ठेवू नका.’ एवढ्याशा खुणेने एका सत्तर वर्षांच्या बाईला संपादकाचं काम शिकवलं. मला हे फार मोठं वाटतं. चांगलं डिझाइन माणसाला हुशार समजून वागवतं, आणि मग माणूसही तसा वागतो.

मुद्दाम रचलेल्या फसव्या उंबरठ्यांना हॅरी ब्रिग्नल या इंग्लंडच्या डिझायनरने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि असे तेरा प्रकार नोंदवले. ‘शेवटच्या दोनच खोल्या’ अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली वस्तू, शेवटच्या पानापर्यंत लपवलेलं शुल्क, सुरू करायला सोपं आणि बंद करायला अवघड असलेलं सदस्यत्व. विमा नको म्हणणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ असं बटण दाबायला लावणं हे उदाहरण तर त्या तत्त्वांमध्येच दिलेलं आहे. यादी वाचताना प्रत्येक प्रकाराला माझ्या डोळ्यांसमोर एकेक चेहरा आला. एका कंपनीच्या सदस्यत्व रद्द करण्याच्या पानांची चाचणी मी भांडुपच्या एका रिक्षावाल्या दादांबरोबर केली होती. तिसऱ्या पानावर त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, ‘झालं बंद.’ झालं नव्हतं. चौथ्या पानावर आणखी एकदा ‘नक्की?’ विचारून मगच ते बंद होणार होतं. पुढच्या महिन्यात पैसे कापले गेले असते आणि त्यांनी दोष स्वतःला दिला असता. माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिथेच आहे. फसवलेला माणूस ‘मलाच कळत नाही’ असं म्हणत घरी जातो, आणि पुढच्या वेळी चांगल्या ॲपलाही घाबरतो.

काही उंबरठे तर कुणी ठरवून घातलेलेच नसतात. ते दुर्लक्षातून तयार होतात, आणि मराठी वापरणाऱ्यांच्या वाट्याला ते जास्त येतात. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरते, मग वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात. ‘कृपया’चा ऋकार गायब, ‘पूर्ण’चा रफार बटणाच्या कडेखाली. दूरच्या देशातल्या रस्त्यांचे फोटो दाखवून ‘यातले अग्निशमनाचे नळ निवडा’ असं सांगणारं कोडं येतं, आणि असा नळ मुंबईच्या रस्त्यावर जन्मात न पाहिलेली माणसं आपण यंत्र नाही हे सिद्ध करू शकत नाहीत. ओटीपीचं घड्याळ सेकंद मोजत असतं आणि आजोबा चष्मा शोधत असतात. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्राने ठरवला. सुंदर निर्णय. पण ज्या फॉर्मांमध्ये मधल्या नावाला एकच रकाना आहे तिथे या मुलांच्या आयांनी कुठे मावायचं? रकाना ही सुद्धा भूमिका असते, आणि ती बदलायला जीआर निघाल्यानंतरही वेळ लागतो.

उलट जिथे कुणी मराठी अक्षर मनापासून पाहिलं तिथे काय होतं तेही याच शहरात दिसतं. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये सुरू झालेलं औद्योगिक डिझाइनचं केंद्र, म्हणजे आयडीसी. तिथे एके काळी शिकवणाऱ्या प्रा. र. कृ. जोशींनी ‘मंगल’ हा फाँट घडवला. आपल्यापैकी कितीतरी जणांनी संगणकावर पहिल्यांदा युनिकोड मराठी वाचलं ते त्याच अक्षरात. तिथल्याच प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड केला. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं आणि त्यात का, कि, की, कु, कू असे पर्याय दिसतात. हव्या त्या दिशेला बोट सरकवायचं. बाराखडी ज्या क्रमाने डोक्यात बसलेली असते तिचाच आधार घेतलेला. मुलुंडच्या एका आजींना मी तो पहिल्यांदा दिला तेव्हा त्यांनी कुणालाही न विचारता आपल्या बहिणीचं नाव लिहिलं, मग गावाचं, मग विठ्ठलाचं. ‘हे दाबलं तर काही होणार नाही ना’ हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पडद्यावर पुढे काय होणार ते त्यांना शाळेपासून माहीत होतं.

सध्या आमच्या टीममध्ये एक वाद चालू आहे. ३० जून २०२५ पासून यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं बँकेत नोंदवलेलं खरं नाव दाखवणं बंधनकारक झालं आहे. फार चांगला उंबरठा. पण आमच्या चाचण्यांमध्ये हे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत येत होतं, आणि ज्यांना या उंबरठ्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांतल्या अनेकांना ते वाचता येत नव्हतं. म्हणून तेच नाव खाली देवनागरीत दाखवून पाहावं असं मी सुचवलं. अडचण लगेच समोर आली. रोमन लिपीत ळ आणि ल एकच होतात, ण आणि न एकच होतात. यंत्राने केलेल्या लिप्यंतरात काळे, दळवी, बाणे यांचं काय होईल ते सांगायला नको.

पहिल्या फेरीत घाटकोपरच्या एका ताईंना वाण्याला पैसे पाठवायला सांगितलं. पडद्यावर ‘काले’ असं आलं. बोट थांबलं. त्यांनी नाव मोठ्याने वाचलं, म्हणाल्या, ‘आमचे काळे आहेत, हे कोण?’ आणि दुकानात फोन लावला. वाण्याने आपल्या नंबरचे शेवटचे चार आकडे सांगितले, त्यांनी ते ताडून पाहिले, मग पिन घातला. सगळ्याला दीड मिनिट लागलं. मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याने हे अपयश म्हणून मांडलं. वेळ वाढला, गोंधळ झाला, देवनागरी काढून टाकूया. मी म्हटलं, ळ दुरुस्त करूया, नावांची यादी मी बसून तपासते, पण या दीड मिनिटाला अपयश म्हणू नका. ताईंनी आजवर आमच्या कुठल्याही पडद्यावर घेणाऱ्याचं नाव वाचलं नव्हतं, इथे पहिल्यांदा वाचलं. अहवालात मी त्या प्रसंगापुढे ‘यशस्वी’ लिहिलं आहे. दुसरी फेरी विरारला होणार आहे, दुकानांमध्ये, भर दुपारी, जिथे पडद्यावर ऊन पडतं आणि गिऱ्हाइकाला घाई असते.